डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज : रचना वाचण्यापासून जेलवर कार्य तपासण्यापर्यंत

डीएनएच्या दोन शृंखला एकमेकींभोवती गुंडाळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पेशीला ना प्रतिकृती करता येते, ना जनुक वाचता येते. ई. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आहेत. दर १०.५ जोड्यांमागे एक वेढा धरला, तर एका पेशीविभाजनापूर्वी सुमारे ४ लाख ४० हजार वेढे उकलावे लागतात. रेप्लिकेशन फोर्क, म्हणजे प्रतिकृती होताना शृंखला वेगळ्या होण्याची जागा, सेकंदाला सुमारे १००० बेस-जोड्यांच्या वेगाने पुढे सरकतो, म्हणजे त्याच्या पुढ्यात दर सेकंदाला ९५ च्या आसपास वेढ्यांचा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न सोडवणाऱ्या विकरांना टोपोआयसोमरेज म्हणतात. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलायमधून पहिले असे विकर वर्णन केले, पुढच्याच वर्षी जेम्स शाम्पू आणि रेनातो दुल्बेको यांनी उंदराच्या पेशींत तसेच कार्य दाखवले, आणि १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट व सहकाऱ्यांनी डीएनए गायरेज शोधले.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याने पाठ्यपुस्तकात या विकरांचे वर्गीकरण वाचले आहे, पण प्रत्यक्ष जेलचे (ज्यातून विजेच्या साहाय्याने डीएनए आकारानुसार वेगळा केला जातो त्या थराचे) छायाचित्र समोर आले की कोणता बँड काय सांगतो याची खात्री वाटत नाही. वर्गीकरणाचा तक्ता आधी पाठ करणे ही मला चुकीची सुरुवात वाटते. आधी हिशेब, मग विकराची रचना आणि शेवटी प्रयोग, या क्रमाने गेल्यास तक्ता आपोआप लक्षात राहतो, कारण त्यातील प्रत्येक नोंदीमागचे कारण तोपर्यंत हाती आलेले असते.

पायरी १ : कागदावर लिंकिंग नंबर काढा

दोन्ही शृंखला सलग असलेल्या वर्तुळाकार डीएनएमध्ये एक शृंखला दुसरीभोवती एकूण किती वेळा फिरली आहे, त्या संख्येला लिंकिंग नंबर म्हणतात. ही संख्या नेहमी पूर्णांक असते, आणि शृंखला तोडल्याशिवाय ती कोणत्याही उपायाने बदलत नाही. डीएनए ताणा, वाकवा, तापवा किंवा त्यावर प्रथिने बसवा, संख्या तीच राहते. मात्र ती दोन भागांत विभागली जाते. एक भाग म्हणजे शृंखलांचा परस्परांभोवतीचा पीळ आणि दुसरा म्हणजे संपूर्ण दुहेरी सर्पिलाने अवकाशात घेतलेली वेटोळी. पीळ अधिक वेटोळी बरोबर लिंकिंग नंबर, हे एकच समीकरण या विषयात शेवटपर्यंत पुरते.

दोन पदरी दोराची दोन्ही टोके घट्ट बांधून मधले पदर ओढून वेगळे केले, तर उरलेल्या भागातील पीळ आवळत जातो आणि शेवटी दोर स्वतःवरच वेटोळी घेऊ लागतो. पेशीत नेमके हेच घडते. लेरॉय लिऊ आणि वांग यांनी १९८७ मध्ये मांडल्याप्रमाणे, जनुक वाचत पुढे जाणारा आरएनए पॉलिमरेज आपल्या पुढे धन सुपरकॉइल (पीळ जादा झाल्याने पडणारी वेटोळी) आणि मागे ऋण सुपरकॉइल (पीळ कमी पडल्याने पडणारी वेटोळी) तयार करतो.

आता प्रत्यक्ष आकडे घ्या. पीबीआर३२२ या नेहमीच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतील छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये, ४३६१ बेस-जोड्या आहेत. ४३६१ ला १०.५ ने भागल्यास ४१५.३ येतात, म्हणजे ताणरहित अवस्थेत साधारण इतके वेढे अपेक्षित आहेत. जिवाणूतून काढलेल्या प्लाझ्मिडची सुपरकॉइल घनता, म्हणजे वेढ्यांतील फरक भागिले अपेक्षित वेढे, सुमारे उणे ०.०६ असते. ४१५ च्या ०.०६ पट म्हणजे सुमारे २५, म्हणून तुमच्या नळीतील प्लाझ्मिडचा लिंकिंग नंबर ३९० च्या आसपास आहे. ही २५ वेढ्यांची तूट म्हणजेच ऋण सुपरकॉइल. ही तूट पेशीच्या फायद्याची असते, कारण कमी पिळाच्या डीएनएच्या शृंखला उकलायला सोप्या जातात. या हिशेबातला ०.३ हा अपूर्णांकही सोडून देऊ नये. लिंकिंग नंबर पूर्णांकच असल्यामुळे बंद वर्तुळ कधीच अगदी शून्य ताणावर येऊ शकत नाही, आणि जेलवर शिथिल प्लाझ्मिडचा एकच बँड न दिसता शेजारीशेजारी काही बँड का दिसतात, हे समजण्याची ही पहिली पायरी आहे.

पायरी २ : रासायनिक क्रिया नीट पाहा

लिंकिंग नंबर बदलायचा तर शृंखला तोडली पाहिजे, पण तुटलेले टोक मोकळे सुटले तर पेशीसाठी ते संकट ठरते. टोपोआयसोमरेजचे सारे सामर्थ्य या पेचाच्या उत्तरात आहे. विकरातील एका टायरोसिनचा हायड्रॉक्सिल गट डीएनएच्या कण्यातील फॉस्फरसवर हल्ला करतो, शृंखला तुटते, आणि त्याच क्षणी तुटलेले एक टोक त्या टायरोसिनला सहसंयुज बंधाने जोडले जाते. काम झाल्यावर शृंखलेच्या दुसऱ्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट उलट हल्ला करतो, बंध पुन्हा डीएनएकडे जातो आणि विकर मोकळे होते. फॉस्फोडायएस्टर बंधातील ऊर्जा फॉस्फोटायरोसिन बंधात राखून ठेवलेली असते, त्यामुळे जोडणीसाठी एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू लागत नाही. तुटलेल्या शृंखला जोडणाऱ्या डीएनए लायगेजला ऊर्जेचा वेगळा स्रोत लागतो आणि याला लागत नाही, याचे कारण हेच.

येथून पुढे वर्गीकरणासाठी दोनच प्रश्न विचारावेत. एका वेळी एक शृंखला तुटते की दोन्ही? आणि टायरोसिन कोणत्या टोकाला धरून ठेवते? एक शृंखला तोडणारी ती प्रकार १ ची विकरे. त्यांपैकी ५' टोक धरणारी १ए, आणि ३' टोक धरणारी १बी. दोन्ही शृंखला तोडणारी ती प्रकार २ ची, आणि ती ५' टोके धरतात. १ए विकर तोडलेल्या शृंखलेच्या फटीतून दुसरी शृंखला पार करते, म्हणून लिंकिंग नंबर एकाने बदलतो. १बी मध्ये तुटलेले मोकळे टोक अखंड शृंखलेभोवती फिरते, म्हणून एका छेदात एक किंवा अनेक वेढे सुटू शकतात. प्रकार २ मध्ये एका दुहेरी सर्पिलातून दुसरे दुहेरी सर्पिल पार होते, म्हणून बदल नेहमी दोनच्या पटीत होतो. पॅट्रिक ब्राउन आणि निकोलस कोझारेली यांनी १९७९ मध्ये गायरेजबाबत हा दोनचा टप्पा दाखवला, आणि प्रकार २ ची यंत्रणा समजण्यात तो निर्णायक पुरावा ठरला.

पायरी ३ : त्रिमितीय रचना उघडून तपासा

पुस्तकातील आकृतीवर समाधान मानू नये. प्रोटीन डेटा बँकेतील रचना कोणालाही मोफत मिळतात आणि पायमॉल किंवा कायमेराएक्स या संगणक-प्रणालींत त्या फिरवून पाहता येतात. तीन रचना याच क्रमाने पाहाव्यात. त्यांचे संकेतांक येथे देवनागरीत दिले असले, तरी शोधताना त्यातील अक्षरे रोमन लिपीत टाइप करावीत.

पहिली रचना १ईसीएल. हा ई. कोलायच्या टोपोआयसोमरेज १ चा ६७ किलोडाल्टनचा तुकडा असून ख्रिस्तोफर लिमा, वांग आणि आल्फोन्सो मोंद्रागोन यांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. संपूर्ण प्रथिन ८६५ अमिनो आम्लांचे आहे. चित्र उघडताच मधोमध एक भोक दिसेल. अंतर मोजण्याची सोय वापरून त्याचा व्यास पाहा. तो साधारण २७ अँगस्ट्रॉम भरतो, म्हणजे २० अँगस्ट्रॉम जाडीचे दुहेरी सर्पिल त्यात मावते. आता ३१९ क्रमांकाचा टायरोसिन निवडून त्याला वेगळा रंग द्या. तो प्रथिनाच्या दोन खंडांच्या सांध्यात दडलेला दिसेल. म्हणजे या स्थितीत दार बंद आहे, आणि डीएनए आत घेण्यासाठी हा सांधा उघडावा लागणार हे रचनाच सांगते. या विकराला एकशृंखली भाग लागतो. तो कमी पिळाच्या डीएनएतच सहज उपलब्ध होतो, आणि म्हणूनच ते फक्त ऋण सुपरकॉइल शिथिल करते.

दुसरी रचना १के४टी, म्हणजे मानवी टोपोआयसोमरेज १, डीएनए आणि टोपोटेकान हे औषध यांचा संयुक्त स्फटिक. हे विकर ७६५ अमिनो आम्लांचे, सुमारे ९१ किलोडाल्टनचे आहे. सुरुवातीची दोनशेच्या वर अमिनो आम्ले निश्चित घडी घेत नाहीत, त्यामुळे ती चित्रात शोधू नयेत. उरलेला भाग डीएनएला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा वेढतो. वरचा आणि खालचा जबडा जिथे मिळतो, तिथे ३६९ क्रमांकाचा लायसिन आणि ४९७ क्रमांकाचा ग्लुटामेट यांच्यातील विद्युतबंध जबडा मिटलेला ठेवतो. एक लांब जोडखंड डीएनएच्या बाजूने तिरका बाहेर निघालेला दिसतो. आता ७२३ क्रमांकाचा टायरोसिन शोधा आणि त्याच्या आसपास आर्जिनिन ४८८, लायसिन ५३२, आर्जिनिन ५९० व हिस्टिडिन ६३२ यांना रंग द्या. ही पाच अवशेषांची (साखळीतील अमिनो आम्लांची) मांडणी म्हणजे उत्प्रेरक केंद्र. येथे एकही धातूचा आयन नाही, हे मुद्दाम पाहावे. प्रकार १बी ला मॅग्नेशियम लागत नाही हे वाक्य येथे डोळ्यांना दिसते, आणि पुढे प्रयोगाच्या बफरमध्ये त्याचा थेट उपयोग होतो.

याच चित्रात औषधही पाहून घ्यावे. टोपोटेकानचा सपाट रेणू छेदाच्या जागी दोन बेस-जोड्यांमध्ये सरकून बसलेला आहे, आणि त्यामुळे पुन्हा जुळायला हवे असलेले ५' हायड्रॉक्सिल टोक दूर ढकलले गेले आहे. आर्जिनिन ३६४ आणि अस्पार्टेट ५३३ त्याला धरून ठेवतात. म्हणजे हे औषध विकराला काम करण्यापासून रोखत नाही. काम अर्धवट झालेल्या, अत्यंत धोकादायक अवस्थेत ते त्याला अडकवते. एवढा एक मुद्दा नीट कळला, तर कर्करोगाच्या औषधांतील या गटाबद्दलचा बराच गोंधळ दूर होतो.

तिसरी रचना ४जीएफएच, यीस्टचे टोपोआयसोमरेज २, ब्रायन श्मिट, नील ओशेरॉफ आणि जेम्स बर्जर यांनी २०१२ मध्ये दिलेली. येथे घाई करू नये, कारण या एका रेणूत तीन दारे आहेत. सर्वात वर एटीपी बांधणारे दोन घटक आहेत. त्यांत एटीपीशी साधर्म्य असलेला, पण न फुटणारा रेणू बसवलेला असल्यामुळे वरचे दार मिटलेले दिसते. मध्यभागी जो डीएनए दिसतो तो तुटणारा खंड, म्हणजे जी-खंड. तो सरळ नसून मधोमध तीव्रपणे वाकलेला आहे. दोन्ही उपघटकांतील ७८२ क्रमांकाचे टायरोसिन शोधा आणि त्यांच्यामधील डीएनएच्या बेस-जोड्या मोजा. छेद एकमेकांपासून चार जोड्यांच्या अंतरावर आहेत. आणखी बारकाईने पाहिल्यास असे दिसेल की एका उपघटकातील टायरोसिन दुसऱ्या उपघटकातील टोप्रिम खंडाबरोबर काम करतो. याच टोप्रिम खंडातील आम्लधर्मी अवशेष मॅग्नेशियम धरतात. खाली तिसरे दार आहे, जिथून पार झालेला टी-खंड बाहेर पडतो.

आता चक्र मनात चालवून पाहा. जी-खंड बसतो, वरून टी-खंड आत येतो, दोन एटीपी बांधले गेले की वरचे दार मिटते, जी-खंड तुटून दोन टोके दूर होतात, टी-खंड त्यातून खाली जातो, जी-खंड जोडला जातो आणि टी-खंड खालच्या दारातून निघून जातो. कोणत्याही क्षणी तीनही दारे एकदम उघडी नसतात. तुटलेल्या डीएनएची दोन टोके एकमेकांपासून निसटू नयेत यासाठी ही व्यवस्था आहे, आणि मला तरी रेणवीय जीवशास्त्रातील सर्वात समाधान देणाऱ्या रचनांपैकी ही एक वाटते. एटीपी डीएनए कापण्यासाठी खर्च होत नाही, तर दारांच्या क्रमाला दिशा देण्यासाठी होतो. त्या खर्चाचे फळही मिळते. व्हॅलेंटिन रिबेन्कोव्ह, कोझारेली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, की प्रकार २ ची विकरे डीएनएतील गाठी आणि कड्या औष्णिक समतोलात अपेक्षित असतील त्याहून बऱ्याच कमी करतात.

गायरेज याच कुळातील आहे. गायरेज-ए चे दोन आणि गायरेज-बी चे दोन उपघटक मिळून ते बनते. ई. कोलायमध्ये ए उपघटकातील १२२ क्रमांकाचा टायरोसिन डीएनए कापतो, तर बी उपघटक एटीपी बांधतो. ए उपघटकाच्या शेवटच्या भागाभोवती डीएनए गुंडाळला जातो. त्यामुळे पार होणारा खंड त्याच रेणूचा, जवळचाच आणि ठरावीक दिशेचा असतो. परिणामी ते सुपरकॉइल केवळ सोडवत नाही, तर एटीपीच्या बळावर नवे ऋण सुपरकॉइल भरते.

पायरी ४ : शिथिलीकरणाचा प्रयोग लावा

सुरुवात मानवी टोपोआयसोमरेज १ ने करावी, कारण त्याला एटीपी लागत नाही आणि चुका ओळखणे सोपे जाते. २० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत अंतिम प्रमाण असे ठेवावे : ट्रिस-एचसीएल १० मिलिमोलर, पीएच ७.९, सोडियम क्लोराइड १५० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर, बीएसए (विकराला स्थिर ठेवणारे प्रथिन) ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ग्लिसरॉल ५ टक्के आणि सुपरकॉइल असलेले पीबीआर३२२ प्लाझ्मिड २५० नॅनोग्रॅम. ईडीटीए मुद्दाम घातले आहे. ते मॅग्नेशियम बांधून टाकते, त्यामुळे नमुन्यात चुकून आलेले प्रकार १ए व प्रकार २ चे विकर, तसेच बहुतेक न्यूक्लिएज (डीएनए कापणारी विकरे) निष्क्रिय होतात, आणि तरीही शिथिलीकरण दिसले तर ते १बी चेच आहे असे म्हणता येते.

विकर किती घालायचे, याचा हिशेब मोलमध्ये करावा. एका बेस-जोडीचे वस्तुमान सुमारे ६५० डाल्टन धरल्यास हे प्लाझ्मिड सुमारे २८ लाख डाल्टनचे होते, म्हणजे २५० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ८८ फेम्टोमोल. ९१ किलोडाल्टनच्या विकराचे १ नॅनोग्रॅम म्हणजे ११ फेम्टोमोल. म्हणून ८ नॅनोग्रॅम विकराला डीएनएच्या एका रेणूमागे विकराचा एक रेणू येतो. या बिंदूच्या वर एक-दोन आणि खाली चार-पाच अशी दुपटी-निमपटीची मालिका लावावी. विकर भरमसाट घातले तर प्रत्येक नळीत सगळेच शिथिल दिसते आणि काहीच शिकायला मिळत नाही.

तुलनेसाठीच्या नळ्या वगळू नयेत. विकर न घातलेले प्लाझ्मिड, एकाच जागी कापणाऱ्या रेस्ट्रिक्शन विकराने सरळ केलेले प्लाझ्मिड, एका शृंखलेत छेद दिलेले प्लाझ्मिड आणि उकळून निष्क्रिय केलेले विकर, या चार नळ्यांशिवाय जेलचा अर्थ लावणे म्हणजे अंदाज बांधणे ठरते. औषध तपासायचे असल्यास त्याच्या द्रावकाची, बहुधा डीएमएसओची, वेगळी नळी लावावी आणि त्याचे प्रमाण सर्व नळ्यांत सारखे, शक्यतो १ टक्क्याच्या आत ठेवावे.

बर्फावर मिश्रण करून विकर सर्वात शेवटी घालावे, ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवावे आणि १० टक्के एसडीएसचे (प्रथिने निकामी करणाऱ्या अपमार्जकाचे) २ मायक्रोलिटर घालून अभिक्रिया थांबवावी. त्यानंतर प्रथिने पचवणारे प्रोटिनेज-के ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात घालून आणखी ३० मिनिटे ३७ अंशांवर ठेवावे. ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण टाळू नये. विकर ज्या डीएनएला सहसंयुज बंधाने जोडलेले राहिले आहे, तो डीएनए प्रथिनासह जेलच्या खाचेत अडकतो किंवा फिनॉलने शुद्धीकरण करताना दोन थरांच्या मध्ये जाऊन हरवतो, आणि नेमका तोच रेणू तुम्हाला पाहायचा असतो.

जेल १ टक्का अगारोजचे, टीएई बफरमध्ये, एथिडियम ब्रोमाइड हे डीएनए रंगवणारे द्रव्य न घालता करावे. एथिडियमचा प्रत्येक रेणू बेस-जोड्यांमध्ये शिरताना डीएनए सुमारे २६ अंशांनी उलगडतो. लिंकिंग नंबर स्थिर असल्याने या उलगडण्याची भरपाई वेटोळ्यांतून होते, आणि तुम्ही जी वेटोळी मोजायला निघालात तीच बदलून जातात. विद्युतदाब दर सेंटिमीटरला २ ते ३ व्होल्ट इतका मंद ठेवावा आणि जेलला काही तास द्यावेत, कारण वेगात चालवलेल्या जेलमध्ये बँडची शिडी एकमेकांत मिसळते. जेल संपल्यावर एथिडियमच्या ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणात अर्धा तास रंगवून साध्या पाण्यात धुवावे. एथिडियम हाताळताना हातमोजे आवश्यक आहेत आणि त्याचा कचरा वेगळा गोळा करावा.

पायरी ५ : जेल वाचा

सुपरकॉइल प्लाझ्मिड आटोपशीर असल्याने सर्वात पुढे धावते, सरळ केलेले मध्ये राहते, आणि पूर्ण शिथिल व छेद असलेले वर्तुळ दोन्ही मागे, जवळजवळ एकाच जागी राहतात. मध्ये दिसणारी शिडी म्हणजे एकेका लिंकिंग नंबरने वेगळे असलेले टोपोआयसोमर. शेजारच्या दोन बँडमधील फरक एक वेढ्याचा असतो.

शिथिल बंद वर्तुळ आणि छेद असलेले वर्तुळ यांची गल्लत हा या प्रयोगातील सर्वात महागडा गोंधळ आहे. विकराच्या नमुन्यात न्यूक्लिएज मिसळलेले असेल, तर प्लाझ्मिडला छेद पडून तो वरच्या जागी जाईल आणि तुम्ही ते शिथिलीकरण समजाल. यासाठी तेच नमुने दुसऱ्या जेलवर, या वेळी जेल आणि बफर या दोन्हींत एथिडियम घालून चालवावेत. एथिडियममुळे बंद वर्तुळ धन सुपरकॉइल होऊन पुढे धावते, सुपरकॉइल प्लाझ्मिडच्या जवळ किंवा किंचित पुढेच. छेद असलेल्या वर्तुळाचा ताण छेदातून निघून जातो, म्हणून ते मागेच राहते. खरे शिथिलीकरण पहिल्या जेलवर मागे आणि दुसऱ्या जेलवर पुढे दिसते.

शिथिल नमुन्याच्या बँडची शिडी शून्यावर केंद्रित का नाही, असा प्रश्न काळजीपूर्वक पाहणाऱ्याला पडेल. तापमान एका अंशाने उतरले की डीएनएचा नैसर्गिक पीळ प्रत्येक बेस-जोडीमागे सुमारे ०.०११ अंशाने वाढतो. ३७ अंशांवर शिथिल केलेले पीबीआर३२२ २५ अंशांवर चालवले, तर १२ गुणिले ०.०११ गुणिले ४३६१, म्हणजे सुमारे ५७६ अंश, अर्थात १.६ वेढ्यांची तूट निर्माण होते आणि प्लाझ्मिड किंचित ऋण सुपरकॉइल झालेले दिसते. मॅग्नेशियममध्ये शिथिल केलेल्या नमुन्यात परिणाम उलट असतो, कारण ईडीटीए असलेल्या बफरमध्ये मॅग्नेशियम निघून गेल्यावर पीळ सैल होतो. यात विकराचा दोष नसतो. शिडीतील बँड अधिक स्वच्छ वेगळे हवे असतील, तर जेल व बफरमध्ये क्लोरोक्विन हे डीएनएत शिरणारे दुसरे द्रव्य दर मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम घालून पाहावे. एथिडियमपेक्षा त्याची पकड सौम्य असल्याने वेटोळ्यांची संख्या हळूहळू सरकवता येते.

शिडीचे रूपही बोलके असते. वेळेनुसार नमुने काढल्यावर सुपरकॉइल बँड फिका होतो, शिथिल बँड गडद होतो आणि मधले बँड जवळपास दिसतच नाहीत, असे झाले तर विकर एका प्लाझ्मिडवर बसून काम संपवूनच दुसऱ्याकडे जाते. उलट संपूर्ण शिडी हळूहळू वर सरकत गेली, तर ते वारंवार सुटून नव्या रेणूवर बसत आहे. सोडियम क्लोराइडचे प्रमाण वाढवून हा बदल त्याच विकरात घडवून पाहता येतो, आणि नवशिक्याने हा प्रयोग अवश्य करावा.

पायरी ६ : प्रकार २ आणि गायरेजकडे वळा

मानवी टोपोआयसोमरेज २ साठी बफरमधून ईडीटीए काढून मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर आणि एटीपी २ मिलिमोलर घालावे, आणि एटीपी नसलेली एक नळी सोबत ठेवावी. ताजे एटीपी वापरावे व त्याच्या द्रावणाचा पीएच ७ च्या आसपास आणलेला असावा. आम्लधर्मी एटीपी हे अभिक्रिया न होण्याचे फार सामान्य कारण आहे. प्लाझ्मिडऐवजी क्रिथिडिया फॅसिक्युलाटा या परजीवीचे कायनेटोप्लास्ट डीएनए वापरल्यास चाचणी अधिक नेमकी होते. त्यात सुमारे २.५ हजार बेस-जोड्यांची हजारो छोटी वर्तुळे एकमेकांत कड्यांसारखी अडकलेली असतात. हे जाळे जेलच्या खाचेतून बाहेर पडत नाही. दोन्ही शृंखला एकदम कापून जोडणारे विकर असेल तरच सुटी बंद वर्तुळे जेलमध्ये उतरतात, म्हणून प्रकार १ चा गोंधळ येथे होत नाही. सुटे सरळ तुकडे दिसले, तर मात्र न्यूक्लिएजचा संशय घ्यावा.

गायरेजसाठी प्रयोग उलटा लावायचा असतो. आधी शिथिल केलेले प्लाझ्मिड घ्यावे आणि ते पुढच्या जागी सरकताना पाहावे. ट्रिस-एचसीएल ३५ मिलिमोलर, पीएच ७.५, पोटॅशियम क्लोराइड २४ मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ४ मिलिमोलर, डीटीटी २ मिलिमोलर, स्पर्मिडीन १.८ मिलिमोलर, एटीपी १ मिलिमोलर, ग्लिसरॉल ६.५ टक्के आणि बीएसए ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर हे मिश्रण चालते. एटीपी नसताना गायरेज ऋण सुपरकॉइल संथपणे शिथिल करते, तेव्हा एटीपीविरहित नळीत सुपरकॉइल प्लाझ्मिड टाकून हे दुसरे रूपही तपासता येते.

पायरी ७ : औषधाचा परिणाम ठरवा

रसायन विकराला थांबवते की छेदाच्या अवस्थेत अडकवते, हे शिथिलीकरणाच्या जेलवरून कळत नाही, कारण दोन्ही बाबतीत सुपरकॉइल बँड टिकून राहू शकतो. त्यासाठी छेद-चाचणी करावी. विकर डीएनएच्या तुलनेत जास्त घ्यावे, औषध घालावे, ३७ अंशांवर ठेवावे आणि अभिक्रिया थांबवताना सर्वप्रथम एसडीएस घालावे. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. प्रकार २ च्या नळीत ईडीटीए आधी घातले तर मॅग्नेशियम निघून जाते आणि विकर छेद पुन्हा जोडून टाकते. टोपोआयसोमरेज १ च्या नळीत मीठ आधी वाढवले तरी तसेच घडते. एसडीएस विकराला जागच्या जागी निकामी करते, म्हणून छेद तसाच पकडला जातो. त्यानंतरच ईडीटीए आणि प्रोटिनेज-के घालावे, व नमुने एथिडियम असलेल्या जेलवर चालवावेत.

टोपोटेकानच्याच गटातील कॅम्प्टोथेसिनसोबत टोपोआयसोमरेज १ असेल, तर छेद असलेल्या वर्तुळाचा बँड वाढतो, कारण एकच शृंखला तुटलेली असते. इटोपोसाइड या कर्करोगाच्या औषधासोबत मानवी टोपोआयसोमरेज २, किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासोबत गायरेज असेल, तर सरळ डीएनएचा बँड येतो. गायरेजच्या बी उपघटकात एटीपीची जागा अडवणारे नोव्होबायोसिन यांपैकी काहीच दाखवत नाही, फक्त काम थांबवते. ही चार उदाहरणे स्वतःच्या हाताने एकाच दिवशी चालवली, तर कोणत्याही अनोळखी रसायनाचा निष्कर्ष काढण्यासाठी तुलनेची पक्की मापे हाती येतात.

एक तपासणी अजून उरते. रसायन स्वतःच डीएनएत शिरत असेल, तर ते एथिडियमप्रमाणे पीळ उलगडते आणि विकराचा काहीही संबंध नसताना जेलवर ‘प्रतिबंध’ झाल्यासारखे चित्र उमटते. म्हणून शिथिल प्लाझ्मिड, भरपूर टोपोआयसोमरेज १ आणि रसायन एकत्र ठेवावे, त्यानंतर प्रथिन व रसायन दोन्ही पूर्णपणे काढून टाकून साध्या जेलवर पाहावे. प्लाझ्मिड ऋण सुपरकॉइल होऊन पुढे आले, तर रसायन डीएनएत शिरत होते आणि त्या उलगडलेल्या अवस्थेतच विकराने शृंखला शिथिल करून बंद केल्या. प्लाझ्मिड शिथिलच राहिले, तर आधी दिसलेला परिणाम विकरावरील असण्याची शक्यता बळावते, आणि मग प्रमाण कमी-जास्त करून निम्म्या परिणामाची सांद्रता काढण्यात अर्थ असतो.

नोंदवहीत प्रत्येक जेलसोबत विकराचे मोलमधील प्रमाण, मिठाचे प्रमाण, अभिक्रियेचे व जेल चालवतानाचे तापमान, आणि जेलमध्ये एथिडियम किंवा क्लोरोक्विन होते की नव्हते, या गोष्टी लिहून ठेवाव्यात. यांपैकी एखादी नोंद राहून गेली, तर तेच छायाचित्र पुढच्या महिन्यात तुमच्याच हाती आले तरी त्यातील बँडचा अर्थ खात्रीने लावता येत नाही.